मराठी विकिपीडियावरचे पहिले संपादन

मराठी विकिपीडिया 2003 साली सुरू झाला. त्यावर कोणीही लिहू शकते, पण काहीही लिहिता येत नाही. नवख्या संपादकाचे शिक्षण या फरकापासून सुरू होते.

निघोजच्या रांजणखळग्यांचे उदाहरण घेऊ. 'डोळ्यांचे पारणे फेडणारे जगप्रसिद्ध ठिकाण' हे वाक्य विश्वकोशात टिकत नाही, कारण ते मत आहे. पारनेर तालुक्यात कुकडी नदीच्या पात्रात, पाण्याबरोबर गरगरणाऱ्या दगडगोट्यांनी बेसॉल्ट खडक कोरून हे खळगे झाले, ही माहिती टिकते. मात्र तिला पुस्तक किंवा वृत्तपत्राचा संदर्भ लागतो. गावातल्या जाणत्यांनी सांगितलेले खरे असले, तरी प्रकाशित आधाराशिवाय चालत नाही. हा नियम सर्वांत जाचक वाटतो आणि तोच सर्वांत मोलाचा आहे.

दुसरी अडचण प्रताधिकाराची. वर्तमानपत्रातला मजकूर जसाच्या तसा उतरवल्यास तो काढला जातो. 1884 चे अहमदनगर गॅझेटियर मात्र प्रताधिकारमुक्त आहे.

नावांबाबतही भान लागते. अहमदनगर जिल्ह्याचे नाव 2024 मध्ये अहिल्यानगर झाले. पण म्हणून निजामशाहीच्या इतिहासातले 'अहमदनगर' सरसकट बदलणे चूक ठरते. असा वाद लेखात न करता चर्चा पानावर मांडायचा.

सरावासाठी धूळपाटी आहे, शंकांसाठी चावडी. प्रत्येक बदल पानाच्या इतिहासात नोंदला जातो आणि उलटवताही येतो. तेव्हा चुकण्याची भीती न बाळगता आपल्या गावाच्या लेखात संदर्भासह एक वाक्य आजच जोडावे.