रात्र किती मीटरवर?

मार्च लागला की अनेक मराठी घरांत रात्रीची जेवणं आटोपल्यावर मोबाइलवर नकाशा उघडला जातो. यंदा हिमाचलमधलं स्पिती. कुणीतरी मनाली ते काझा हे अंतर काढतं: सुमारे 200 किलोमीटर. लगेच हिशेब मांडला जातो. म्हणजे पुणे-कोल्हापूरपेक्षा कमीच की! सकाळी नाश्ता करून निघालो तर दुपारच्या जेवणाला काझात. पुढचे दोन दिवस तिथे, येताना चंद्रताल, की झाली सहल.

सहलीचा बेत बिघडतो तो इथे, घरातच. या 200 किलोमीटरांतला बराचसा रस्ता कच्चा आहे. ओढे थेट रस्त्यावरून वाहतात, समोरून ट्रक आला तर एकाला मागे सरकावं लागतं, आणि गाडीला अख्खा दिवस लागतो. पण वेळेचा हिशेब चुकला तर फार तर जेवण चुकेल. खरी चूक दुसरीच आहे. मनाली समुद्रसपाटीपासून सुमारे 2,050 मीटर उंचीवर आहे, काझा सुमारे 3,650 मीटरवर आणि वाटेतला कुंझुम घाट साडेचार हजार मीटरच्या वर. सकाळी मनालीत चहा घेतलेला माणूस संध्याकाळी काझात डोकं धरून बसतो, त्याला जेवण जात नाही, रात्री झोप लागत नाही. हवामान बाधलं, पोहे बाधले, वळणं बाधली, असं सगळं बोलून होतं. बाधलेली असते उंची.

महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला उंचीचा अंदाज नसावा यात नवल नाही. आपलं सर्वोच्च शिखर कळसूबाई 1,646 मीटरचं. शिमल्याचा बाजार त्याच्यापेक्षा पाचशे-साडेपाचशे मीटर उंच भरतो. सह्याद्रीत जन्मभर गड चढलेल्यांच्याही फुप्फुसांना विरळ हवेची ओळख झालेली नसते. साडेचार हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रकिनाऱ्याच्या तुलनेत साधारण 58 टक्केच उरतो. हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण तेच असतं, पण दाबच कमी असल्यामुळे प्रत्येक श्वासात तो कमी मिळतो. शरीर त्यावर उपाय शोधतं: श्वास वाढवतं, लघवीचं प्रमाण वाढवतं, रक्तात बदल घडवतं. फक्त त्याला काही दिवस लागतात. रोज पळणारा पंचविशीतला तरुण आणि त्याची मधुमेह आटोक्यात ठेवलेली आई यांच्यापैकी कुणाला आधी त्रास होईल, हे कुणालाच आधी सांगता येत नाही. बऱ्याचदा तरुणालाच होतो, कारण पोचल्या पोचल्या टेकडी चढायला तोच धावतो.

म्हणून स्पितीचा बेत आखताना किलोमीटरचा रकाना दुय्यम मानावा आणि कागदावर एकच प्रश्न लिहावा: आजची रात्र किती मीटरवर? डॉक्टर आणि गिर्यारोहक साधारण सांगतात ते असं, की तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर मुक्कामाची उंची एका रात्रीत पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस तिथल्या तिथे थांबावं. दिवसा वर जाऊन आलं तर चालतं. चढायचं उंच, झोपायचं खाली.

हा नियम मान्य केला की मार्गाची दिशा आपोआप ठरते. शिमल्याकडून शिरायचं आणि मनालीकडून बाहेर पडायचं. या बाजूने काझा चारशेहून अधिक किलोमीटर पडतं, म्हणजे नकाशावर दुप्पट लांब, आणि नेमका तोच त्याचा गुण आहे. सतलजच्या काठाने, जुन्या हिंदुस्तान-तिबेट रस्त्याच्या वाटेने, चढ हळूहळू येतो. पहिली रात्र शिमल्यात, सुमारे 2,200 मीटरवर. मुंबई-पुण्याहून चंडीगडला थेट विमानं आहेत, पण हाती वेळ असेल तर कालका ते शिमला हा 96 किलोमीटरचा प्रवास 1903 मध्ये सुरू झालेल्या छोट्या गाडीने करावा. दुसरी रात्र सराहनला, जिथे भीमाकालीचं मंदिर दगड आणि लाकडाचे आडवे थर एकावर एक रचून उभं केलेलं आहे. पहाडी भाषेत या बांधणीला काठ-कुणी म्हणतात, आणि भूकंपात ती दगडी भिंतीसारखी ढासळत नाही. सराहन शिमल्याएवढ्याच उंचीवर आहे, त्यामुळे शरीराला फुकटची विश्रांती मिळते. मग बास्पा नदीच्या खोऱ्यातलं सांगला, 2,700 मीटरच्या आसपास. तिथून दिवसाउजेडी छितकुलला, जवळजवळ साडेतीन हजार मीटरवर, जाऊन परत यायचं. मग कल्पा, तीन हजारांच्या जरासं खाली. समोर किन्नर कैलास. हॉटेलची खिडकी पूर्वेला आहे ना, एवढं बुकिंग करतानाच विचारून घ्यावं.

कल्पा सोडल्यावर देश बदलतो. खाब इथे स्पिती नदी सतलजला मिळते आणि तिथून हिरवं संपून तपकिरी सुरू होतं. मराठी वाचकाला हे समजायला भूगोलाचं पुस्तक उघडायला नको. महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि डोंगराच्या पाठीमागे माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. सह्याद्री ढग अडवतो तसे पीर पंजाल आणि हिमालयाच्या मुख्य रांगा अडवतात. स्पिती हा त्या रांगांचा माणदेश. फरक इतकाच, की इथला दुष्काळ बर्फाच्या पाण्यावर निभावतो. बर्फ वितळून आलेलं पाणी चरांतून शेतात आणायचं आणि उन्हाळ्याच्या चार महिन्यांत वाटाणा आणि जव काढून घ्यायचे.

वाटेत नाको लागतं, सुमारे 3,660 मीटरवर. तळ्याकाठी फिरावं, चहा घ्यावा आणि झोपायला खाली ताबोला यावं. ताबो 3,280 मीटरवर. पण ताबोत थांबण्याचं कारण केवळ उंचीचं नाही.

बाहेरून ताबोचा गोम्पा, म्हणजे बौद्ध मठ, बघून काही मंडळी निराश होतात. डोंगराच्या टोकावर नाही, सोनेरी कळस नाहीत. सपाट जागेवर मातीच्या भिंतींची बुटकी घरं. यातलं मुख्य मंदिर इ. स. 996 मध्ये उभं राहिलं, आणि तेव्हापासून तिथली उपासना चालू आहे. आत शिरलं की काही क्षण काहीच दिसत नाही. मग छताच्या झरोक्यातून येणाऱ्या उजेडात भिंतीतून पुढे झुकलेल्या मातीच्या मूर्ती एकेक करून उमटू लागतात, आणि त्यांच्या खाली-वर चित्रं. ताबोला 'हिमालयातलं अजिंठा' म्हणतात. असली बिरुदं बहुधा पर्यटन खात्याची असतात, पण हे पटण्यासारखं आहे. अजिंठा पाहिलेल्याला इथे काळोखात डोळे स्थिरावू द्यायची सवय असतेच. आत फोटो काढायला मनाई आहे, आणि ते बरंच आहे. माणूस मोबाइल खिशात ठेवून भिंतीकडे बघतो. एक तास तरी द्यावा. 'ताबो दहा मिनिटं' असं लिहिलेला कार्यक्रम हाती आला तर तो आखणारा माणूस आत गेलेला नाही असं खुशाल समजावं.

ताबोहून धनकर करून काझा. वाटेत उजवीकडे-डावीकडे बघण्यासारखं बरंच आहे, पण काझात तीन रात्री सलग मुक्काम ठेवावा आणि पहिल्या दिवशी काहीही करू नये. बाजारात फिरावं, थुक्पा खावा. घरून नेलेली डाळ-खिचडी शिजवणाऱ्यांनी कुकर न्यावा, कारण या उंचीवर पाणी 88 अंशांच्या आसपासच उकळतं आणि उघड्या पातेल्यात डाळ तासभर रटरटूनही दाताखाली येते. दुसऱ्या दिवशी की गोम्पा, किब्बर आणि चिचमचा पूल. तिसऱ्या दिवशी लांग्झा, हिक्किम, कोमिक. ही तिन्ही गावं 4,400 मीटरच्या आसपास किंवा वर आहेत. हिक्किमचं टपाल कार्यालय 1983 पासून चालू आहे आणि तिथून आपल्याच घरी पत्र टाकायला रांग लागते.

लांग्झाला मात्र जरा थबकावं. गावाबाहेरच्या काळ्या मातीत गोल, वेटोळ्या शिंपल्यांचे दगड सापडतात. मराठी माणूस ते हातात घेतो आणि त्याला देवघर आठवतं: हा तर शाळिग्राम! बरोबरच आहे. आपल्या देव्हाऱ्यातले शाळिग्राम नेपाळातल्या गंडकीच्या पात्रातून येतात आणि तेही अमोनाइट नावाच्या सागरी जिवांचेच जीवाश्म. हिमालय उभा राहण्यापूर्वी इथे टेथिस नावाचा समुद्र होता. भारताचा भूखंड आशियावर आदळला, तळ वर उचलला गेला आणि समुद्रातले जीव साडेचार हजार मीटरवर येऊन बसले. गावात हे दगड विकायलाही येतात. घेऊ नयेत. बघावेत, मुलांना दाखवावेत आणि जागच्या जागी ठेवावेत. उचलणारे हात दर उन्हाळ्यात हजारो असतात आणि दगड नवे तयार होत नाहीत.

यानंतरच चंद्रताल. सुमारे 4,250 मीटरवरच्या या तळ्याला 2005 मध्ये रामसर स्थळाचा, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. काठावर तंबू ठोकायला परवानगी नाही. तंबूंच्या वसाहती दोन-तीन किलोमीटर अलीकडे आहेत. काझात तीन रात्री काढून आणि दिवसा उंचावर फिरून आलेल्याला इथली रात्र बहुधा सोसते. थेट मनालीहून आलेल्याची ती बसून जाते. जवळ रुग्णालय नाही, मोबाइलला रेंज नाही आणि अंधारात त्या रस्त्यावर गाडी काढायला चालक राजी होत नाही. डोकेदुखी, मळमळ, थकवा इथपर्यंत असेल तर आणखी वर न जाता थांबावं. चालताना तोल जाऊ लागला, बोलणं असंबद्ध झालं, बसल्या जागी धाप लागली, तर बाकी सगळे बेत सोडून खाली उतरायचं. ऑक्सिजनच्या नळकांड्याने थोडा वेळ मिळतो, उपचार होत नाही. ॲसिटाझोलामाइडच्या गोळ्या अनेकजण घेतात, पण त्या निघण्यापूर्वी स्वतःच्या डॉक्टरांना विचारून. शेजाऱ्यांना चालल्या म्हणून आपल्याला चालतीलच असं नाही. सल्फा औषधांची ॲलर्जी असलेल्यांनी तर विशेष जपावं.

कधी जायचं, हा प्रश्न मराठी घरात शाळेच्या सुट्टीला बांधलेला असतो, आणि तिथेच पंचाईत आहे. मेमध्ये कुंझुम घाट बहुधा बर्फाखालीच असतो. त्यामुळे मेच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी शिमल्याकडून काझापर्यंत जाऊन त्याच वाटेने परत यायचं ठरवावं. चंद्रताल सोडून द्यावं. दिवाळीच्या सुट्टीत काझात नळ गोठायला लागलेले असतात आणि चंद्रतालचे तंबू उठलेले असतात. जुलै-ऑगस्टमध्ये स्पितीत पाऊस कमी, पण तिथवर नेणारं किन्नौर, म्हणजे सांगला-कल्पाचा भाग, पावसाच्या माऱ्यात. 25 जुलै 2021 रोजी सांगला खोऱ्यात बटसेरीजवळ दरड कोसळून नऊ पर्यटक गेले. 11 ऑगस्टला निगुलसरीला डोंगर बसवर आणि इतर गाड्यांवर आला आणि 28 माणसं दगावली. जुलै 2023 मध्ये अवेळी बर्फ पडून जवळजवळ तीनशे माणसं चंद्रतालला अडकून पडली होती. सगळ्यात चांगला महिना सप्टेंबर. आकाश स्वच्छ, ओढ्यांना पाणी कमी, किन्नौरच्या बागांत सफरचंदांची तोडणी. गणपती विसर्जन करून निघावं.

तरीही रस्ता बंद होऊ शकतोच. म्हणून बारा दिवसांच्या सहलीत निदान एक दिवस कोरा ठेवावा, आणि परतीचं विमान त्या कोऱ्या दिवसानंतरचं काढावं. सहल कंपन्यांना कोरा दिवस विकता येत नाही, त्यामुळे छापील कार्यक्रमात तो क्वचितच दिसतो. 'आठ दिवसांत संपूर्ण स्पिती' या जाहिरातीत वगळलेलं असतं ते नेमकं हेच.

बाकीच्या गोष्टी किरकोळ, पण नडणाऱ्या. कल्पाजवळच्या रिकाँग पिओपाशी टाकी भरली की पुढचा भरवशाचा पेट्रोल पंप काझात, आणि काझानंतर थेट मनालीच्या बाजूला. काझात एटीएम आहे, पण ते चालेलच असं धरून चालू नये. रोख जवळ ठेवावी. भारतीय नागरिकांना या मार्गावर परवाना लागत नाही, ओळखपत्र मात्र लागतं. अमेरिकेहून आलेला भाचा परदेशी पारपत्रावर असेल तर त्याचा परवाना शिमल्यात किंवा रिकाँग पिओत काढावा लागतो, आणि हे काम रविवारी होत नाही. गाडी असो वा हिमाचल परिवहनची बस, निघायचं पहाटे: ऊन चढलं की वरचा बर्फ वितळतो आणि सकाळी घोट्याएवढा असलेला ओढा दुपारी चाक बुडवतो.

कुंझुमवर देवीच्या मंदिराभोवती गाडीची एक प्रदक्षिणा घालूनच चालक पुढे जातो. मग बाताल, ग्रांफू, आणि ऑक्टोबर 2020 मध्ये खुला झालेला नऊ किलोमीटरचा अटल बोगदा. एका तोंडाशी उघडे डोंगर, दुसऱ्या तोंडाशी जंगल आणि बहुधा ढग. कोरा दिवस वाटेत कुठे खर्ची पडला नसेल तर तो मनालीच्या माल रोडवर न घालवता पुढे नग्गरला घालवावा. रशियन चित्रकार निकोलस रोरिक 1928 मध्ये तिथे राहायला आला आणि 1947 मध्ये तिथेच वारला. त्याचं घर आता चित्रसंग्रहालय आहे, आणि आठवडाभर गाडीच्या काचेतून पाहिलेल्या डोंगरांचे जांभळे-निळे रंग तिथल्या भिंतींवर पुन्हा भेटतात.