ले-आउट : आखणी आणि वस्ती

बंगळूरच्या आग्नेयेस असलेल्या कोरमंगलातील पत्ता वाचताना मराठी पाहुणा प्रथम बुचकळ्यात पडतो. तेथे पेठ नाही, आळी नाही. अमुक ब्लॉक, अमुक मेन, अमुक क्रॉस, असे नुसते अंक. या साऱ्या अंकांचा जनक एक इंग्रजी शब्द आहे : ‘ले-आउट’.

इंग्रजीत ‘लाय’ म्हणजे पहुडणे, आणि ‘ले’ हे त्याचेच प्रयोजक रूप. मराठीत ‘निजणे’वरून ‘निजवणे’ व्हावे तसे. त्याला ‘आउट’ जोडले की अर्थ होतो पसरून मांडणे. पलंगावर कपडे मांडणे, बागेची आखणी करणे, इतकेच काय, अंत्यविधीपूर्वी प्रेत नीट निजवणे, या सर्वांना हेच क्रियापद चालते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास त्याचे नाम रूढ झाले, आणि आराखडा किंवा मांडणी हा त्याचा मुख्य अर्थ ठरला. वृत्तपत्राच्या पानाचा ‘ले-आउट’ आपल्याकडेही परिचित आहे.

बंगळुरात मात्र आराखड्याचे नाव वस्तीलाच मिळाले. 1945 साली तेथे नगर सुधारणा मंडळ स्थापन झाले. 1976 पासून ते काम विकास प्राधिकरणाकडे आले. शेतजमीन संपादन करायची, रस्ते आखायचे, भूखंड पाडून वाटायचे, असा हा क्रम. अशी आखलेली वसाहत म्हणजे ले-आउट. नागपुरातही हा शब्द याच अर्थाने घरोघरी बोलला जातो.

परंतु आराखडा कोऱ्या कागदावर काढतात. जमीन कोरी नसते. कोरमंगला हे मूळचे गाव. बंगळूर वसवणाऱ्या केंपेगौडाच्या सुनेने, लक्ष्मम्माने, किल्ल्याचा दरवाजा उभा राहावा म्हणून आत्मबलिदान केले, अशी लोककथा आहे. तिचे स्मारक याच कोरमंगलात आहे. ब्लॉक आणि क्रॉस यांच्या गर्दीत या गावाचे नाव तरी अखंड राहिले. शेजारच्या गावांना तेवढेही भाग्य लाभले नाही. बैरसंद्रा, तावरेकेरे आणि मडिवाळा या तीन गावांची आद्याक्षरे घेऊन ‘बी.टी.एम. ले-आउट’ हे नाव घडले. कन्नडमध्ये ‘तावरे’ म्हणजे कमळ आणि ‘केरे’ म्हणजे तळे. कमळांचे एक अख्खे तळे तेथे ‘टी’ या एका अक्षरात आटले आहे.

मराठीत ‘आखणी’ आणि ‘वसाहत’ हे दोन निराळे शब्द आहेत. पहिला रेषांचा, दुसरा वसणाऱ्या माणसांचा. ‘ले-आउट’ या एका शब्दात दोहोंचा संकर झाला आहे. तो शब्द सोयीचा आहे, आणि आता तो जाणारही नाही. मात्र त्याच्याखाली कोणते गाव निजवले गेले, हे विचारण्याची सवय राहिली पाहिजे.