‘ब्रिक’ : बेपत्ता प्रेयसीचा शोध आणि सात वर्षांची पूर्वतयारी

अमेरिकी दिग्दर्शक रायन जॉन्सन यांचे नाव ‘नाइव्ज आउट’ (२०१९) या रहस्यपटामुळे जगभर पोहोचले. त्यांचा पहिला चित्रपट मात्र शाळकरी मुलांच्या जगात घडणारा होता. ‘ब्रिक’ या चित्रपटात ब्रेंडन नावाचा विद्यार्थी आपल्यापासून दुरावलेल्या आणि नंतर बेपत्ता झालेल्या प्रेयसीचा माग काढतो. पटकथेचा पहिला मसुदा १९९७ मध्ये लिहून झाला. चित्रपट प्रेक्षकांसमोर आला तो २००५ मध्ये.

या कल्पनेचे मूळ डॅशिएल हॅमेट यांच्या गुप्तहेरकथांत आहे. कोएन बंधूंच्या ‘मिलर्स क्रॉसिंग’ (१९९०) या चित्रपटामुळे जॉन्सन हॅमेट यांच्या साहित्याकडे वळले. त्यांनी ‘ब्रिक’ची कथा आधी लघुकादंबरीच्या रूपात लिहिली आणि त्यानंतरच तिची पटकथा केली. मात्र काळी हॅट, धूसर गल्ल्या, खिडकीच्या पट्ट्यांतून पडणारा प्रकाश ही जुन्या गुप्तहेरपटांची चिरपरिचित दृश्ये त्यांना नको होती. म्हणून त्यांनी कथा कॅलिफोर्नियातील लख्ख उन्हात, शाळेच्या आवारात नेऊन ठेवली.

पात्रांची योजना मात्र गुप्तहेरकथेच्याच साच्यातील आहे. पोलीस अधिकाऱ्याच्या जागी उपमुख्याध्यापक येतात. ब्रेंडन त्यांच्याशी बरोबरीच्या नात्याने सौदा करतो. अमली पदार्थांच्या टोळीचा म्होरक्या आईच्या घरातील तळघरात राहतो आणि त्याची आई आलेल्या ‘पाहुण्याला’ आपुलकीने फळांचा रस देते. हा प्रसंग हास्यास्पद ठरण्याचा धोका मोठा होता. तो टळला, कारण पटकथा एकाही पात्राची थट्टा करीत नाही. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला पहिला प्रेमभंग जगबुडीसारखाच वाटतो. चित्रपट ही भावना त्याच मापाने मोजतो. वडीलधारी माणसे कथेत जवळजवळ दिसतच नाहीत, तेही त्यामुळेच खटकत नाही.

रहस्याच्या मांडणीतील सर्वांत धाडसी निर्णय पहिल्याच दृश्यात दिसतो. भुयारी नाल्याच्या तोंडाशी प्रेयसीचा मृतदेह पडला आहे आणि ब्रेंडन त्याकडे पाहत बसला आहे. त्यानंतर कथा दोन दिवस मागे जाते : कपाटात सापडलेली चिठ्ठी, रस्त्यावरील टेलिफोन बूथ, घाबरलेला आवाज आणि अर्थ न लागणारे काही शब्द. ती कुठे आहे, हा प्रश्न प्रेक्षकांपुरता आधीच मिटलेला असतो. उरतो तो दोष कोणाचा, हा प्रश्न. तिला जपण्याच्या हट्टापायी ब्रेंडनने पूर्वी एका मित्राची चुगली केली होती आणि त्यावरूनच ती त्याला सोडून गेली होती. त्यामुळे तपास करणारा स्वतःही निर्दोष राहत नाही.

अशा पटकथेवर पैसा लावण्यास कोणी तयार होईना. विषय विचित्र आणि दिग्दर्शक नवखा. सुमारे सात वर्षांच्या खटपटीनंतर जॉन्सन यांनी कमीत कमी किती रकमेत काम भागेल याचा हिशेब केला आणि नातलग व मित्रांकडून पाच लाख डॉलरहून कमी निधी जमवला. या मर्यादेतूनच पुढचे नियोजन ठरले. सॅन क्लेमेंटे येथील ज्या शाळेत ते स्वतः शिकले, तेथेच बरेचसे चित्रीकरण झाले. चित्रीकरणाचे दिवस अवघे वीस. तालमींना मात्र त्याहून अधिक काळ देण्यात आला. नायक जोसेफ गॉर्डन-लेविट आणि अन्य कलाकारांना जुने गुप्तहेरपट न पाहण्याची सूचना होती. त्याऐवजी हॅमेट वाचावा आणि बिली वायल्डर यांचे विनोदी चित्रपट पाहावेत, असा दिग्दर्शकांचा आग्रह होता. संवादांची धार आणि वेग नकलेतून येत नाही, हे त्यांनी अचूक ओळखले होते.

संकलन घरच्या संगणकावर झाले. पार्श्वसंगीत चुलतभाऊ नेथन जॉन्सन यांनी केले; त्यासाठी त्यांनी नेहमीच्या वाद्यांबरोबर फायलींची कपाटे आणि स्वयंपाकघरातील भांडीही वाजवली. सनडान्स महोत्सवात २००५ मध्ये ‘ब्रिक’ला दृष्टीच्या मौलिकतेबद्दल परीक्षकांचा विशेष पुरस्कार मिळाला आणि पुढील वर्षी तो अमेरिकेतील चित्रपटगृहांत झळकला.