गाडी मिसिंग करते तेव्हा

इंजिन मिनिटाला ३,००० फेऱ्यांनी फिरत असताना चार सिलिंडरच्या पेट्रोल गाडीतला प्रत्येक सिलिंडर सेकंदाला २५ वेळा पेटतो. त्यातला एखादा पेट हुकू लागला की गॅरेजच्या भाषेत गाडी ‘मिसिंग करते’. सिग्नलला उभ्या गाडीचं स्टिअरिंग थरथरतं, चढावर पिकअप मिळत नाही, सायलेन्सरचा आवाज तुटक येतो. पेट बसायला ठिणगी, हवा-पेट्रोलचं योग्य मिश्रण आणि पुरेसं कॉम्प्रेशन लागतं. दोष शोधायचा तोही याच क्रमाने, कारण ठिणगी तपासणं सर्वांत सोपं आणि स्वस्त.

पेट हुकल्याचं ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या संगणकाला, क्रँकशाफ्टच्या वेगावरून कळतं. सिलिंडर पेटला की शाफ्टला रेटा मिळतो. पेटला नाही तर शाफ्ट क्षणभर मंदावतो. त्या क्षणी पाळी कुणाची होती, यावरून सिलिंडर ठरतो, कोड नोंदला जातो आणि डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागतो. दोष नोंदवणारी ओबीडी-२ ही यंत्रणा अमेरिकेत १९९६ पासून सक्तीची आहे, भारतात बीएस-४ गाड्यांना ती २०१३ मध्ये लागू झाली. दिवा नुसता लागला असेल तर गाडी जपून गॅरेजपर्यंत नेता येते. तो लुकलुकत असेल तर मात्र वेग लगेच कमी करून गाडी बाजूला घ्यावी. कारण न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि आतली सिरॅमिकची जाळी वितळू शकते. हा भाग बदलायचा खर्च स्पार्क प्लगच्या कैक पट असतो.

स्टिअरिंगखालच्या १६ पिनांच्या सॉकेटला स्कॅनर लावला की कोड वाचता येतो. पी-०३०१ ते पी-०३०४ हे कोड अनुक्रमे पहिल्या ते चौथ्या सिलिंडरचे. पी-०३०० म्हणजे पेट एका ठिकाणी नाही, इकडेतिकडे हुकतो आहे. पण कोड फक्त जागा सांगतो, कारण सांगत नाही. पी-०३०२ दिसला म्हणून लगेच नवी कॉइल (प्लगला ठिणगीसाठी वीज देणारा भाग) बसवणं म्हणजे ताप मोजून थेट ऑपरेशन करण्यासारखं आहे. जुन्या गाड्यांच्या मालकांचे बरेच पैसे इथेच वाया जातात.

ज्या गाडीत प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असते, तिथे एक बिनखर्ची कसोटी आहे. इंजिन बंद करून दुसऱ्या सिलिंडरची कॉइल तिसऱ्यावर आणि तिसऱ्याची दुसऱ्यावर बसवायची, कोड पुसायचा आणि गाडी फिरवून आणायची. आता पी-०३०३ आला तर दोष कॉइलबरोबर सरकला, म्हणजे कॉइलच खराब. पी-०३०२ कायम राहिला तर कॉइल निर्दोष. मग हीच अदलाबदल प्लगची करायची. प्लग काढलाच आहे तर त्याचं टोक उजेडात नीट पाहावं. फिकट तपकिरी रंग निरोगी. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जातंय, पांढरट टोक असेल तर कमी. ओलं, तेलकट टोक दिसलं तर ऑइल आत उतरतं आहे. पावसाळ्यात प्लगच्या खळग्यात पाणी साचलंय का आणि उंदरांनी वायर कुरतडली आहे का, हेही पाहावं.

सीएनजी किट बसवलेल्या गाडीत आणखी एक फसगत होते. पेट्रोलवर गाडी सुरळीत चालते, गॅसवर मिसिंग करते आणि ठपका किटवर येतो. वास्तविक गॅस पेटवायला जास्त दाबाची वीज लागते, त्यामुळे झिजलेला प्लग किंवा दुबळी कॉइल आधी गॅसवर उघडी पडते.

ठिणगी ठीक असेल तर मिश्रणाकडे वळावं. पी-०३०० सोबत पी-०१७१ असेल तर मिश्रणात हवा जास्त आहे. आयडलिंगला गचके आणि रेस दिल्यावर सुधारणा, असं असल्यास इनटेकचा एखादा रबरी पाइप चिरला असण्याची शक्यता मोठी. उलट जोर दिल्यावरच गचके येत असतील तर गाडीतल्या पेट्रोल पंपाचा दाब आणि फिल्टर तपासावा. एकाच सिलिंडरचा कोड येत असेल तर त्याचा इंजेक्टर पाहावा.

मिश्रणही ठीक असेल तर शेवटी कॉम्प्रेशन मोजावं. कॉम्प्रेशन गेजने एखाद्या सिलिंडरचा आकडा इतरांपेक्षा बराच कमी दाखवला तर प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजावं. आकडा वाढला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत. वाढला नाही तर व्हॉल्व्ह गळतो आहे. शेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी दाखवत असतील तर संशय हेड गॅस्केटवर.

कोड पुसण्याआधी त्याच्यासोबत साठलेली फ्रीझ फ्रेमची नोंद उतरवून घ्यावी. पेट हुकला तेव्हाचा वेग, इंजिनाचं तापमान आणि भार तिच्यात असतो, आणि बॅटरीची तार काढली तरी ती पुसली जाऊ शकते. दुरुस्तीनंतर गाडी त्याच वेगाने, तितक्याच तापलेल्या इंजिनावर चालवून पाहावी आणि कोड परत येतो का, हे स्कॅनरवर तपासावं.