वरसईच्या भटजींनी पाहिलेलं सत्तावन्न

प्रत्येकानं एकदा तरी वाचायलाच हवीत अशा मराठी पुस्तकांची यादी निघाली की ‘ययाति’, ‘मृत्युंजय’, ‘कोसला’ ही नावं हमखास येतात. ती यावीतच. पण विष्णुभट गोडसे यांचं ‘माझा प्रवास’ या याद्यांत क्वचितच दिसतं, आणि मला विचाराल तर मी ते सगळ्यात वर ठेवीन.

विष्णुभट हे पेणजवळच्या वरसईचे. घर भिक्षुकीवर चालणारं, डोक्यावर कर्ज. ग्वाल्हेरच्या राजघराण्यातल्या बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार आहेत आणि दक्षिणा भरपूर मिळणार आहे, अशी बातमी कोकणात पोचली. चार पैसे मिळाले तर कर्ज फिटेल, जमलं तर काशीयात्राही होईल, एवढ्याच हिशेबानं ते काकांबरोबर उत्तरेकडे निघाले. साल होतं १८५७. महूच्या आसपास वाटेत भेटलेल्या शिपायांनी सांगितलं, की लवकरच मोठी धामधूम होणार आहे, परत फिरा. ते फिरले नाहीत. त्यामुळे ज्याला ना कुणाचं राज्य बुडवायचं होतं ना कुणाचं राखायचं होतं, असा एक साधा माणूस त्या वणव्याच्या ऐन मध्यावर जाऊन पोचला.

पुस्तकाचं मोठेपण इथेच आहे. सत्तावन्नच्या उठावावर इंग्रज अधिकाऱ्यांनी ढीगभर लिहून ठेवलं. पण आपल्या भाषेत, आपल्या डोळ्यांनी पाहून, पायाखालच्या रस्त्यासकट लिहिणारा माणूस विरळा. भटजींचं लक्ष दक्षिणेकडे, जेवणाकडे, मुक्कामाच्या सोयीकडे असतं. म्हणूनच इतरांच्या नजरेतून निसटलेल्या गोष्टी त्यांना दिसतात.

झाशीत ते राणी लक्ष्मीबाईंच्या आश्रयाला राहिले. राणीचा दिनक्रम, तिचा व्यायाम, घोड्यांची पारख, थंडीत कुडकुडणारे गरीब पाहून त्यांना कपडे वाटण्याची आज्ञा, हे सगळं रोज वाड्यात जा-ये असलेल्या माणसाच्या सहजतेनं येतं. मग १८५८च्या मार्चमध्ये इंग्रज सेनापती ह्यू रोजच्या फौजेचा वेढा पडतो. दिवसा तोफांनी बुरूज ढासळायचा आणि रात्री गवंडी अंगावर कांबळी घेऊन तो पुन्हा बांधून काढायचे, हे ते जवळून सांगतात. एप्रिलच्या सुरुवातीला शहर पडलं. त्यानंतरची लुटीची पानं वाचताना हात थबकतो. आधी सोनंनाणं गेलं, मग तांब्यापितळेची भांडी, मग कापडचोपड, शेवटी धान्य. भटजी आणि त्यांचे काका लपून राहिले, पण गाठीला बांधलेलं होतं नव्हतं ते गेलं. झाशीच्या ग्रंथसंग्रहाची धूळधाण झाली त्याचं दुःखही या विद्यावंत माणसानं नोंदवून ठेवलं आहे. इतका रक्तपात पाहिलेल्या माणसाला पोथ्यांचंही वाईट वाटावं, हे मला फार मोलाचं वाटतं.

आणि विहिरीवरचा तो प्रसंग. झाशीतून निसटलेली राणी काल्पीच्या वाटेवर भेटते, पठाणी वेषात, धुळीनं माखलेली, तहानेनं व्याकूळ. भटजी पाणी शेंदायला पुढे होतात. ती त्यांना थांबवते. तुम्ही विद्वान ब्राह्मण, माझ्यासाठी तुम्ही पाणी काढू नये, असं म्हणून स्वतःच मडकं विहिरीत सोडते. पराभवाच्या त्या घडीलाही रीतभात न सोडणारी ही बाई घोड्यावरच्या पुतळ्यांत दिसत नाही. ती इथे दिसते.

पुस्तक वाचताना एक पथ्य मात्र पाळावं. भटजींनी पाहिलेलं आणि भटजींनी ऐकलेलं, या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. बंड का झालं, दरबारात काय खलबतं झाली, याबद्दल ते सांगतात त्यात बाजारगप्पा पुष्कळ आहेत. जातीपातीच्या त्यांच्या कल्पनाही त्यांच्या काळाच्या आहेत. पण त्या गप्पाही वाया जात नाहीत. त्या वर्षी धर्मशाळांमध्ये आणि घाटांवर लोक कशावर विश्वास ठेवत होते, हे त्यांतूनच कळतं.

हे वाचून झाल्यावर लगोलग लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ हाती घ्यावीत. तिथेही सुरुवातीला सत्तावन्नची सावली आहे. आजोबांना त्या धामधुमीत फाशी झालेली आणि त्यानंतर वडिलांच्या डोक्यात सोवळ्यानं असं घर केलेलं, की बाजारातून आलेलं मीठसुद्धा धुऊन घ्यायचं. भटजी तोफा ऐकतात आणि लक्ष्मीबाई त्याच काळाचे पडसाद स्वयंपाकघरात ऐकतात. दोघांनाही लेखक म्हणून नाव काढायचं नव्हतं. लक्ष्मीबाईंचं तर लिहिणं-वाचणंही लग्नानंतर, तेही जेमतेम. तरी त्यांच्याइतकी जिवंत मराठी पट्टीच्या कादंबरीकारांनाही क्वचितच साधली आहे. ताराबाई शिंदे यांची १८८२ची ‘स्त्री-पुरुष तुलना’, दया पवारांचं ‘बलुतं’ हीही याच रांगेत बसणारी पुस्तकं. प्रत्येकावर वेगळं लिहावं लागेल.

विष्णुभट घरी परतले ते गंगेची कावड घेऊन. कर्ज फेडण्याचा बेत फसला होता, पण गंगोदकानं आईवडिलांना स्नान घालता आलं याचं समाधान होतं. ही हकिकत त्यांनी बऱ्याच वर्षांनी लिहून काढली, तीही ज्यांच्याकडे त्यांचं उपाध्येपण होतं त्या वैद्य घराण्यातल्या चिंतामणराव वैद्यांच्या आग्रहावरून. वैद्यांनी ती १९०७मध्ये छापली तेव्हा भटजी हयात नव्हते. राज्य इंग्रजांचं असल्यानं वैद्यांनी जपून पावलं टाकली. भाषा घासूनपुसून घेतली, काही मजकूर गाळला. मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी सिद्ध केलेली आवृत्ती पुढे १९६६मध्ये आली. तोवर अमृतलाल नागरांनी पुस्तक हिंदीत नेलं होतं. इंग्रजीतही ते गेलं आहे.

वाचायची ती पोतदारांची आवृत्ती. वाक्यं लांबच लांब आहेत, विराम कमी आहेत, काही शब्द आज अडतात. पहिल्या वीसेक पानांत थोडा धीर धरावा लागतो. महू आलं की मग पुस्तक खाली ठेववत नाही. मोठ्यानं वाचलं तर आणखी सोपं जातं, कारण भटजींनी लिहिलंय ते सांगितल्यासारखंच. घरात शाळेतली मुलं असतील तर झाशीच्या वेढ्याचं प्रकरण त्यांना वाचून दाखवा. पाठ्यपुस्तकातल्या सनावळीनंतर ती काय काय विचारतात ते ऐका.