उसाच्या रसातील पाणी आणि आकड्यांची घरे

बेंगळूरच्या शिवाजीनगरात, रसेल मार्केटच्या आसपासच्या चहाच्या दुकानांतून, सकाळपासून रात्रीपर्यंत पेल्यामागून पेला भरला जात असतो. त्या पेल्यातील साखर 1933 साली स्थापन झालेल्या मंड्याच्या कारखान्यातली असेल, बेळगावकडची असेल किंवा कोल्हापूरकडचीही असेल. कणाकडे पाहून ते ओळखता यावयाचे नाही. परंतु ती कोठलीही असली तरी तिच्यासाठी रसातून फार मोठ्या प्रमाणावर पाणी काढून टाकावे लागलेले असते, आणि ते पाणी किती स्वस्तात निघाले याचा परिणाम थेट उसाच्या दरापर्यंत पोहोचतो.

हिशेब साधा आहे. शुद्ध केलेल्या 100 टन रसात सुमारे 15 टन घन पदार्थ असतात. पाक शेकडा 60 घनतेचा करावयाचा, तर तो 25 टन भरतो. म्हणजे 75 टन पाणी वाफ होऊन निघून गेले पाहिजे. आपल्याकडील गुऱ्हाळात हे काम काहिलीत होते. चुलाणात चिपाडे जळतात, रस उकळतो आणि वाफ आकाशात विरते. त्या वाफेत साठलेली उष्णता कोणाच्याच कामी येत नाही.

ती कामी आणण्याची युक्ती नॉर्बर्ट रिलिए या अभियंत्याने काढली. 1806 साली अमेरिकेतील न्यू ऑर्लीन्स येथे, स्वतंत्र असलेल्या एका कृष्णवर्णीय मातेच्या पोटी त्याचा जन्म झाला. त्या काळी लुइझियानात गुलाम माणसे उघड्या कढयांतील उकळता रस पळ्यांनी एका कढईतून दुसरीत ओतीत असत. रिलिएने 1843 आणि 1846 मध्ये पेटंट घेऊन दाखवून दिले की, बंद भांड्यातील रसाची वाफ पुढच्या भांड्यातील रस उकळण्यास पुरते. मात्र पुढच्या भांड्यातील हवेचा दाब कमी हवा, म्हणजे तेथला रस कमी उष्णतामानावर उकळेल. उत्तरायुष्यात हा गृहस्थ पॅरिसमध्ये मिसरी चित्रलिपीच्या अभ्यासात रमला, हेही सांगण्यासारखे आहे.

अशी चार भांडी एकापुढे एक जोडली की 75 टन पाण्यासाठी ढोबळमानाने 19 टन वाफ पुरते. पाच जोडली तर 15 टन. मग दहा का जोडू नयेत? येथेच खरी मेख आहे. पहिल्या भांड्याला 120 अंशांची वाफ मिळते आणि शेवटच्या भांड्यात रस 55 अंशांच्या सुमारास उकळतो. मधला 65 अंशांचा उतार सर्व भांड्यांना वाटून घ्यावा लागतो. भांडी चार झाली की प्रत्येकाच्या वाट्याला उष्णतेचे काम चौथाई येते खरे, पण उतारही चौथाईच येतो. त्यामुळे चारांपैकी प्रत्येक भांड्याला जवळजवळ तेवढ्याच पृष्ठभागाच्या नळ्या लागतात, जेवढ्या एकट्या भांड्याला लागल्या असत्या. शिवाय घट्ट होत गेलेला रस पाण्यापेक्षा अधिक उष्णतामानावर उकळतो, आणि तेही अंश या उतारातूनच वजा होतात. पहिल्यानंतर दुसरे भांडे जोडताच साडेसदतीस टन वाफ वाचते. चवथ्यानंतरचे पाचवे पावणेचार टन वाचविते आणि सहावे अवघे अडीच. तांब्या-पोलादाची किंमत मात्र दर भांड्याला तेवढीच.

वाचलेल्या वाफेचे मोल मात्र कमी लेखू नये. एक टन बगॅस जाळून दोन टनांहून थोडी अधिक वाफ मिळते. रोज 2500 टन ऊस गाळणाऱ्या कारखान्यात रस ताशी शंभर टनांच्या आसपास निघतो. तेथे ताशी पावणेचार टन वाफ वाचली, तर दिवसाला 40 टन आणि दीडशे दिवसांच्या हंगामात 6 हजार टन बगॅस शिल्लक पडतो. त्यातून वीज करता येते किंवा तो कागदाच्या गिरणीस विकता येतो. प्रवरानगरचा सहकारी कारखाना 1950 साली विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सुरू झाला. अशा कारखान्यांचे भांडवल शेतकऱ्यांच्या भागांतून उभे राहते. भांडी एकदा बसली की वर्षानुवर्षे बदलत नाहीत. निवड चुकली तर तिचा भुर्दंड दर हंगामात सभासदांवर पडतो.

निवडीचे गणित किचकट असते ते एका कारणाने. प्रत्येक भांड्यातील उष्णतामान ठाऊक असल्याशिवाय वाफ काढता येत नाही, आणि वाफ ठाऊक असल्याशिवाय उष्णतामान ठरत नाही. म्हणून आधी अंदाज धरावयाचा, त्यावरून चारही भांड्यांच्या नळ्यांचा पृष्ठभाग काढावयाचा, आणि तो सारखा न आल्यास अंदाज दुरुस्त करून पुन्हा आरंभ करावयाचा. सर्व भांडी एकाच मापाची असणे सोयीचे म्हणून हा आग्रह. सरकपट्टी हाती असलेल्या अभियंत्याची अशा एका रचनेत संध्याकाळ जाई. मग दुसरी रचना तपासण्याचा उत्साह कोठून उरणार?

1979 साली डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांचा व्हिसिकॅल्क हा संगणकावरील पहिला लोकप्रिय आकडेतक्ता बाजारात आला. 1985 मध्ये एक्सेल आले. मूळ हेतू व्यापारी हिशेबांचा. पण या तक्त्याची रचनाच अशी की, एका घरातील आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेली सारी घरे आपोआप बदलतात. रसायन-अभियंत्याला हवे होते ते नेमके हेच. एकेका ओळीत एकेक भांडे. उभ्या रकान्यांत उष्णतामान, वाफ, रसाची घनता, उष्णतावहनाचा गुणांक आणि पृष्ठभाग. सॉल्व्हर नावाच्या साधनाला सांगावे की पृष्ठभाग सारखे कर, किंवा भांडी व इंधन यांचा एकत्र खर्च कमीत कमी होईल असे आकडे शोध. संध्याकाळचे काम क्षणात होते.

मात्र सॉल्व्हरला ऊस ठाऊक नाही. मोकळे सोडले तर ते पहिले भांडे खुशाल इतके तापवील की रसातील साखर फुटून जाईल आणि पाकाला रंग चढेल. पाक इतका घट्ट करील की नळ्यांतच कण धरू लागतील. पुढच्या भांड्यांत रस दाट होत जातो आणि उष्णता नळ्यांतून सावकाश जाते. तेव्हा गुणांक सर्वत्र सारखाच भरला तर शेवटचे भांडे कागदावर पुरेल आणि हंगामात अपुरे पडेल. नव्या नळ्यांचा गुणांक भरणारे तर स्वतःचीच फसवणूक करतात, कारण नळ्यांवर पुटे चढतात आणि साफसफाईच्या आदल्या दिवशीही रस आटवावाच लागतो. या मर्यादा तक्त्यात माणसालाच लिहाव्या लागतात. पूर्वी अभियंत्याची बुद्धी गुणाकार-भागाकारात झिजत असे. आता ती मर्यादा ठरविण्यात खर्ची पडावी, हा या साधनाचा खरा लाभ मानावयास हरकत नाही.

घराच्या आत लपलेले सूत्र चुकले तर आकडा मात्र ऐटीत उभा राहतो, हा दुसरा धोका. अमेरिकेतील दोन नामांकित अर्थशास्त्रज्ञांच्या 2010 सालच्या लेखात काही देशांच्या ओळी सरासरीतून गळल्याचे 2013 मध्ये उघडकीस आले, आणि त्या लेखाचा तर सरकारी धोरणाच्या चर्चेत आधार घेतला जात होता. साखर कारखान्याच्या तक्त्यासाठी पडताळा सोपा आहे. चारही भांड्यांतून निघालेले पाणी कागदाच्या चिटोऱ्यावर मिळवून पाहावे; 100 टन रसामागे बेरीज 75 आली नाही, तर पृष्ठभागाचा रकाना वाचूच नये.