घरच्या थिएटरसाठी अ‍ॅम्प्लिफायर आणि मधला स्पीकर

भिंतीवरचा टीव्ही जसजसा पातळ होत गेला तसतसा त्याचा आवाजही पातळ झाला, हे आता घरोघरी जाणवू लागले आहे. चित्र 43 किंवा 55 इंची, अगदी लख्ख. पण पात्र काय बोलले ते कळत नाही. घरातील वडीलधारी माणसे "काय म्हणाला तो?" असे शेजारच्याला विचारतात, तोवर पुढचा संवाद निघून जातो. आवाज वाढवावा तर पार्श्वसंगीत कानठळ्या बसवते. मग दिवाळीचा बोनस हाती आला की होम थिएटरचा विषय निघतो.

ही खरेदी थोडीथोडकी नसते. मुलांची फी, औषधपाणी, गावी पाठवायचे पैसे हे सारे भागवून बाजूला काढलेल्या रकमेतून ती होते. म्हणून दुकानात जाण्यापूर्वी दोन गोष्टी नीट समजून घ्याव्यात, असे आम्हांला वाटते. एक अ‍ॅम्प्लिफायर आणि दुसरा मधला, म्हणजे सेंटर स्पीकर. बाकीचा पसारा सावकाश जमवता येतो.

मधला स्पीकर कशासाठी?

मधल्या आवाजाची कल्पना जुनी आहे. 27 एप्रिल 1933 रोजी अमेरिकेतील बेल लॅबोरेटरीजने फिलाडेल्फियात चाललेले वाद्यवृंदाचे वादन टेलिफोनच्या तारांवरून वॉशिंग्टनच्या सभागृहात ऐकवले. त्यासाठी तीन मायक्रोफोन व तीन स्पीकर वापरले होते : डावा, उजवा आणि मधला. पुढे चित्रपटगृहांनी हीच मांडणी स्वीकारली. डॉल्बी प्रो लॉजिकमुळे 1987 पासून मधला स्पीकर घरात आला. 1992 साली डॉल्बी डिजिटल चित्रपटगृहांत आले आणि 5.1 ही संज्ञा रूढ झाली. 5 म्हणजे पाच स्पीकर आणि .1 म्हणजे केवळ खर्जाचा सबवूफर.

चित्रपटातील बहुतेक संवाद या मधल्या स्पीकरमधून येतात. कुणी म्हणेल, डावा व उजवा स्पीकर सारखेच वाजले तर आवाज मधूनच आल्यासारखा वाटतो, मग तिसरा कशाला? हे खरे, पण ते बरोबर मध्यभागी बसणाऱ्यालाच लागू पडते. आपल्या घरी कोणी खाटेवर, कोणी सतरंजीवर, कोणी स्वयंपाकघराच्या दारात बसून पाहतो. कडेला बसणाऱ्याला जवळच्या स्पीकरचा आवाज आधी आणि मोठा ऐकू येतो. त्यामुळे पडद्यावरचा माणूस मधे आणि त्याचा आवाज कोपऱ्यात, असा प्रकार होतो. मध्यभागाची जागा एकालाच मिळते. मधला स्पीकर मात्र कडेच्यांनाही पडद्यातूनच आवाज देतो. माणसे जास्त, तेवढी त्याची गरज जास्त.

वॅटचा हिशेब

अ‍ॅम्प्लिफायर घेताना सर्वांत मोठी फसगत वॅटच्या आकड्यात होते. खोक्यावर हजारांत पीएमपीओ छापलेले असते. हा आकडा मोजण्याची सर्वमान्य पद्धतच नाही, तेव्हा त्याकडे पाहू नये. आरएमएस वॅट विचारावेत. तेवढ्यानेही भागत नाही. एकच चॅनल वाजवून, 6 ओहमवर, 10 टक्के विकृती धरून काढलेले 100 वॅट वेगळे; आणि दोन चॅनल एकदम चालवून, 8 ओहमवर, 20 ते 20,000 हर्ट्‌झपर्यंत, 0.1 टक्क्याच्या आत विकृती ठेवून दिलेले 60 वॅट वेगळे. आमच्या मते दुसरा अ‍ॅम्प्लिफायर अधिक विश्वासाचा. ही सारी माहिती पुस्तिकेत बारीक अक्षरांत असते. चष्मा लावून ती वाचावी.

आता आपल्याला खरोखर किती वॅट लागतात ते पाहू. प्रत्येक स्पीकरची सेन्सिटिव्हिटी छापलेली असते. 88 डेसिबल म्हणजे 1 वॅट दिला असता 1 मीटरवर 88 डेसिबल आवाज. अंतर दुप्पट झाले की मोकळ्या जागेत 6 डेसिबल कमी होतात, म्हणजे 2 मीटरवर 82 उरले. घरात भिंतींमुळे थोडे जास्तच मिळतात, पण ते आपण शिल्लक धरू. साधा संवाद 65 ते 70 डेसिबलचा. त्याला 1 वॅटही लागत नाही. चित्रपटातील धडाक्याला 95 डेसिबल हवेत असे धरले तर आणखी 13 डेसिबल पाहिजेत, म्हणजे वीसपट शक्ती. हिशेब आला 20 वॅटचा!

याचा अर्थ, दहा बाय बाराच्या खोलीला खरे 40-50 वॅट पुरून उरतात. 50 ऐवजी 100 वॅटचा घेतला तर मिळतात अवघे 3 डेसिबल. कानाला दुप्पट वाटण्यासाठी सुमारे 10 डेसिबल, म्हणजे दसपट शक्ती लागते. उलट 85 ऐवजी 88 सेन्सिटिव्हिटीचा स्पीकर घेतला की तेच 3 डेसिबल फुकट पदरात पडतात. दुप्पट वॅटसाठी दुप्पट पैसे मोजण्यापूर्वी हे ध्यानात घ्यावे.

ओहमही जुळले पाहिजेत. अ‍ॅम्प्लिफायरच्या पाठीमागे 6 ते 16 ओहम लिहिले असेल तर त्याला 4 ओहमचा स्पीकर जोडू नये, तो तापतो. टीव्हीला जोडण्यासाठी एचडीएमआयचे एआरसी किंवा ईएआरसी छिद्र दोन्हीकडे आहे का, हेही पाहावे.

मधला स्पीकर निवडताना

शक्यतो डावा, उजवा व मधला हे तिन्ही एकाच कंपनीच्या एकाच मालिकेतील घ्यावेत. नाहीतर चालत जाणाऱ्या माणसाचा आवाज मधे आल्यावर बदलतो. आडव्या स्पीकरमध्ये दोन बाजूंना दोन वूफर व मधे ट्वीटर असतो. काहींमध्ये बाजूला बसल्यावर दोन्ही वूफरचे आवाज एकमेकांना खातात आणि शब्द पुसट होतात. म्हणून दुकानात ओळखीचा संवाद लावायला सांगावे, आधी मधे आणि मग दोन्ही कडांना बसून ऐकावे. पुरुषाचा आणि बाईचा, दोन्ही आवाज तपासावेत. विक्रेता हाणामारीचा प्रसंग लावील; आपण संवादच मागावा.

पैसे कमी असतील तर आधी अ‍ॅम्प्लिफायर, डावा व उजवा घ्यावा, मग त्याच मालिकेतील मधला, त्यानंतर सबवूफर व शेवटी मागचे दोन. मधला येईपर्यंत अ‍ॅम्प्लिफायरच्या मेनूत 'सेंटर नाही' अशी नोंद जरूर करावी. नाहीतर संवाद नसलेल्या स्पीकरकडे जातात आणि पात्रे मुकी होतात.

घरी बसवताना

मधला स्पीकर टीव्हीच्या लगेच खाली, फळीच्या पुढच्या कडेपर्यंत ओढून ठेवावा. शोकेसच्या कप्प्यात आत ढकलला की आवाज घुमतो. जागा खाली असेल तर पुढून जरा उचलून तोंड बसणाऱ्यांच्या कानांकडे करावे. वायर 1.5 चौरस मिलिमीटरची तांब्याची चालते; लाल लालला, काळी काळीला जोडावी. सबवूफर असल्यास मधला स्पीकर 'स्मॉल' ठेवून 80 हर्ट्‌झवर विभागणी करावी. प्रत्येक स्पीकरचे अंतर टेपने मोजून भरावे. घरात कमी ऐकू येणारे कोणी असेल तर फक्त मधल्याची पातळी 2-3 डेसिबल वाढवावी. सारा आवाज वाढवण्याची गरज पडत नाही. लादीच्या उघड्या खोलीत शब्द घुमतात. जाड पडदा व सतरंजी यांनी पुष्कळ फरक पडतो. अ‍ॅम्प्लिफायरवर कापड किंवा फुलदाणी ठेवू नये, त्याला हवा लागते.

शेवटी शेजाऱ्यांविषयी. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांनी निवासी भागासाठी दिवसा 55 व रात्री 45 डेसिबलची मर्यादा घातली आहे. रात्र म्हणजे 10 ते सकाळी 6. भिंतीपलीकडे कुणाचे मूल परीक्षेचा अभ्यास करीत असते, कुणी रात्रपाळीहून येऊन झोपलेले असते. अनेक अ‍ॅम्प्लिफायरमध्ये 'नाइट मोड' असतो. त्याने धडाके दबतात आणि संवाद स्पष्ट राहतात. तो वापरावा. पक्के बिल आणि वॉरंटीचे कार्ड जपून ठेवावे. घरातील आजीला शेवटचे वाक्य कुणाला न विचारता कळले, तर पैसे कारणी लागले असे समजावे.